हाकेचं अंतर

मोखेथी म्हणाला, पट्ट्या चारच्या चार दिसतात, बाई,
आणि फोन लागत नाही.
मी म्हटलं, बघते.
अर्धा दिवस गाडी, पुढे त्याचं तट्टू,
लॅपटॉप ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.

दगडी खोपट, गोवऱ्यांचा धूर,
अंगोरा शेळ्या, एका डोळ्याने आंधळा कुत्रा.
मार्च. लेसोथोच्या या उंचीवर उन्हाळा म्हणजे
पहाटे केबलवर दहिवर.

केबल जोडली. पडद्यावर ओळी उतरू लागल्या.
मनोरा बोलतोय, स्वच्छ:
मी अमुक, माझे नियम असे, यायचं तर या दाराने या.
फोन ऐकतो. समजतो. हाक देतो.
ओ नाही.
जरा थांबतो, आवाज दोन डेसिबलने चढवतो, पुन्हा हाक.
ओ नाही.
दहा वेळा.
मग गप्प होतो,
आणि पट्ट्या चारच्या चार.

आमच्या धंद्यात सगळं उतरंडीसारखं रचलेलं.
तळाला नुसत्या लाटा,
वर पाळी लावणारा थर, त्याच्यावर
हरवलेलं पुन्हा मागून घेणारा,
मग कुलूप घालणारा, मग बोलाचाली ठरवणारा,
आणि पार वर तो, जो विचारतो, तू कोण, कुणाचा.
वरच्या मडक्यात काय शिजतंय, खालच्याला ठाऊक नसतं.
मी दुपारभर वरचीच मडकी उघडत बसले.
सिम ठीक. नोंदणी ठीक. किल्ली ठीक.

मोखेथीने मक्याची लापशी पुढे केली.
म्हणाला, तीन उन्हाळे मला वाटतंय,
म्पोलोकेंग मुद्दाम फोन बंद ठेवते.
लोकरीच्या पैशांवरून बोलणं झालं होतं थोडं.
मी चमचा खाली ठेवला.
मनोरा कुठे आहे, विचारलं.
त्याने बोट दाखवलं: ती खिंड, तिच्यापलीकडचा डोंगर.
जीपीएस म्हणालं, एकवीस किलोमीटर.

मासेरूच्या नकाशात या सेलची हद्द चौदाला संपते.
पुढे फक्त उतार, असं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं.
मनोरा तेवढ्याच अंतराच्या हाकेसाठी कान उघडतो
आणि मिटतो.
फोनची हाक पोचत होती.
सेकंदाचे दहा लाख तुकडे केले
तर त्यातले चाळीस तुकडे उशिरा.

मोहापीला सॅटेलाइट फोनवर गाठलं.
तरी आधी लुमेला, मग तू कसा, मुलं कशी, आईचा गुडघा;
डोंगरात कुणी थेट कामाचं बोलत नाही,
आणि खरं तर फोनही नाही बोलत,
एका हॅलोआधी त्याचीही वीसेक विचारपूस होते.
रात्री दोनला बदल, मोहापी म्हणाला. एकच आकडा.
कुत्र्याशेजारी जागत बसले.

दोन चौदा. हाक.
ओ.

आणि त्या ओमध्ये, ठरल्याप्रमाणे, एक सूचना:
तू लांब आहेस. यापुढे जरा आधी बोलत जा,
म्हणजे माझ्यापाशी वेळेवर पोचशील.
ही ओळ मी हजारदा वाचली असेल
एसी लावलेल्या खोल्यांमध्ये.

उजाडल्यावर त्याने नंबर फिरवला, भिंतीकडे तोंड करून.
ओळख पटली, कुलूप बसलं,
तिथून पुढे मला नुसती गिचमिड.
सात मिनिटं. पाकिटं जातात, येतात.
बोलणारा थांबला की पूर्ण पाकीट जात नाही,
छोटंसं काही जातं, अधूनमधून,
एवढंच सांगायला की शांतता आहे, लाइन तुटलेली नाही.
येणाऱ्या बाजूने
पहिली दोन मिनिटं तीच छोटी पाकिटं.

मी पडदा मिटला.
बाहेर तट्टू दगडाला अंग घासत होतं.
मोखेथी आला, ब्लँकेटची पिन नीट करत म्हणाला,
ती म्हणते, आवाज फार मोठा येतोय, एवढा ओरडू नकोस.